व्हीसीआरला चित्र येतंय पण आवाज धड नाही? खडेबाजारातल्या काकांच्या दुकानाचा अनुभव

बेळगाव परिसरात कुणाच्या घरात अजून व्हीसीआर असेल आणि त्याला चित्र येतंय पण आवाज घरघरतोय, दबका येतोय नाहीतर मधेच गायब होतोय, तर भंगारात घालायच्या आधी एकदा खडेबाजारातल्या आतल्या बोळात हे जे काका बसतात त्यांना दाखवा, एवढ्यासाठी हे लिहायलोय. दुकानाला पाटी नाही, बाहेर जुने टीव्हीचे डबे रचलेत, कुणालाही "व्हीसीआरवाले काका" म्हणून विचारा, सांगतात. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते खाली येईल.

मशीन मामानं मस्कतहून आणलेलं, हायफाय व्हीसीआर, त्या काळात गल्लीत एकच होता आमच्याकडं. बरीच वर्षं माळ्यावर होता, आता आईला जुन्या कॅसेट बघायच्या होत्या म्हणून काढला. मेन दोन कॅसेट. एक म्हणजे खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाची, त्यात वडील भजनाला उभे आहेत, टाळ हातात, आणि त्यांचा आवाज दुसरा कुठंच नाही आमच्याकडं, फोटो ढीगभर आहेत पण आवाज ह्या एकाच कॅसेटमध्ये. दुसरी ताईच्या लग्नाची, १९९४ ची.

चित्र दोन्हीला बरं होतं. आवाजाचं मात्र असं की सप्ताहाच्या कॅसेटला सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं, टाळ तर कळतच नव्हते, मृदंगाचा नुसता धप्प धप्प आणि सूर मधेच लांबायचा मधेच आखडायचा. आणि लग्नाच्या कॅसेटला घर्रर्र करून आवाज यायचा, मग एकदम सनई, मग परत घर्रर्र, मग परत सनई. आम्हाला वाटलं फितच कुजली.

काकांच्या आधी एका ठिकाणी दाखवलं होतं (नाव लिहीत नाही), त्यांनी झाकणसुद्धा न उघडता सांगितलं हेड (फितीवरचं चित्र-आवाज वाचणारा भाग) गेलं, पार्ट येत नाहीत, सोडा. आता पार्ट येत नाहीत हे खरंच आहे, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ ला व्हीसीआर बनवायचं थांबवलं, शेवटपर्यंत बनवणारे तेच होते, त्यामुळं नवीन मशीन पण नाही आणि नवीन हेड पण नाही. पण पार्ट मिळत नाही म्हणून तोच पार्ट खराब झालाय असं कसं होईल ओ? बघायला तरी पाहिजे की नाही.

तर काका. वय सत्तरीच्या आसपास, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड, मला पहिल्यापासून "तम्मा" (कन्नडमध्ये धाकटा भाऊ) म्हणूनच बोलले. मशीन ठेवल्या ठेवल्या त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला नाही, आधी प्रश्न. सगळ्या कॅसेटला होतंय का एकाच? सुरुवातीपासून का मधनं? टीव्हीवर दुसरं काही लावलं तर आवाज नीट येतोय ना? रिमोट आणलाय का? नशीब रिमोट नेला होता, का ते पुढं कळेल.

मग त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली आणि घरी कुणालाही करता येते म्हणून सविस्तर सांगतो. व्हीसीआरच्या मागं जे लाईन इन असतं, पिवळी पांढरी लाल भोकं, त्यात त्यांनी एक डीव्हीडी प्लेअर जोडला, व्हीसीआरमध्ये कॅसेट न घालता इनपुट एव्हीवर ठेवलं, आणि डीव्हीडीचं गाणं व्हीसीआरमधून पार होऊन टीव्हीवर स्वच्छ वाजलं. म्हणजे काय, तर आउटपुटची बाजू चांगली, केबल चांगली, टीव्ही चांगला. "एनू आगिल्ल बिडरी," म्हणाले, काही झालेलं नाही, दोष फितीपासून हेडपर्यंतच आहे, त्याच्या पुढं शोधायचं कामच नाही. पाच मिनिटात अर्धं मशीन चौकशीतनं बाहेर. त्यानंतर स्वतःची एक कॅसेट घातली, त्यांनी चांगल्या मशीनवर रेकॉर्ड केलेली, तपासणीसाठीच ठेवलेली. तिला पण आवाज दबकाच, म्हणजे आमच्या फितीचा दोष नाही, मशीनचा आहे. मी तर तिथंच निम्मा खूश झालो.

आता हे समजायला थोडं आतलं माहिती पाहिजे, काकांनी जसं सांगितलं तसं सांगतो. व्हीएचएस म्हणजे आपल्या ह्या नेहमीच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटचा प्रकार, त्याची फीत अर्धा इंच रुंद, १२.६५ मिमी. मधल्या मोठ्या भागात चित्र तिरक्या रेघांनी लिहिलेलं असतं, ते फिरणाऱ्या ड्रमवरचे हेड वाचतात, ड्रम आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल सिस्टीमला मिनिटाला १५०० फेरे घेतो. फितीच्या वरच्या कडेला साधारण एक मिलीमीटरची पट्टी असते, तिच्यात आवाज, आणि तो वाचायला ड्रमच्या पुढं एक वेगळं न फिरणारं हेड असतं. खालच्या कडेला कंट्रोलची पट्टी, फितीची चाल सांभाळायला. १९७६ ला जेव्हीसीनं व्हीएचएस काढलं तेव्हापासून ही कडेची पट्टी आहे आणि प्रत्येक कॅसेटला असतेच. म्हणून चित्र एकदम छान आणि आवाज गेलेला असं होऊ शकतं, दोघांचे हेडच वेगळे.

आणि ह्या कडेच्या आवाजाची मुळातच अडचण आहे. आवाजाला फीत जेवढी जोरात पळेल तेवढं बरं. आपली गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते, आणि पालवर व्हीएचएस फक्त २.३४ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्याहून कमी. एलपीवर (लाँग प्ले, फीत हळू पळवून दुप्पट वेळ बसवायचा) रेकॉर्ड केलं असेल तर त्याच्याही निम्मं. त्यामुळं हेडवर जरासा मळ बसला की पहिल्यांदा जातो तो वरचा बारीक खणखणीत आवाज. टाळ, बांगड्या, स आणि श. भजनाच्या कॅसेटमधनं तेवढंच गेलं तर राहिलं काय.

१९८० च्या दशकात मग हायफाय आलं. त्यात आवाजाचे हेड पण फिरणाऱ्या ड्रमवरच बसवले, आवाज आधी फितीत खोलवर लिहायचा आणि त्याच जागेवर वरून चित्र. हा आवाज सीडीच्या जवळपास जातो. पण तो वाचता आला नाही तर मशीन आपोआप कडेच्या पट्टीवर येतं, आपल्याला न सांगता.

झाकण उघडलं तर आत कडेच्या हेडवर तपकिरी मळाचा थर, आणि पिंच रोलर म्हणजे जो रबरी चाक फितीला दाबून ओढतो तो काचेसारखा चकचकीत आणि कडक. सूर लांबणं आखडणं त्याच्यामुळं, फीत घसरत होती. हेड त्यांनी आयसोप्रोपाईल अल्कोहोलनं पुसलं, कापसाच्या काडीनं, पण ड्रमला ती काडी लावली नाही. ड्रमसाठी वेगळा चामड्याचा तुकडा, तो आडवा धरून ड्रम हातानं हळू फिरवायचा, उभं वरखाली कधी घासायचं नाही, हेडचं टोक इतकं नाजूक की मोडून येतं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मी पण इथं ठासून सांगतो, यूट्यूब बघून कापसाच्या काडीनं ड्रम घासू नका, कडेचं हेड घरी पुसलं तर चालतंय पण ड्रम नको. रोलर त्यांच्याकडं पडलेल्या दुसऱ्या एका मशीनचा बसला. मागं तशी बंद मशीनं भरपूर ठेवलीत त्यांनी, पार्टसाठी.

एवढं करून सूर सरळ झाला, आवाज मोठा झाला, पण टाळ अजून बोथटच. तेव्हा जे केलं त्यासाठी हा माणूस मानला. सप्ताहाची कॅसेट लावली, जिथं "विठ्ठल विठ्ठल" चा गजर चढतो आणि सगळे टाळकरी एकदम वाजवतात ती जागा शोधून काढली आणि कडेच्या हेडचा एक बारीक स्क्रू केसभर फिरवला. त्या हेडची फट फितीच्या चालीला बरोबर काटकोनात असावी लागते, जराशी तिरकी झाली तरी वरचा आवाज मरतो, त्याला अझिमथ म्हणतात. आणि ज्या कॅमेऱ्यानं ती कॅसेट रेकॉर्ड झाली त्याचं हेड जर तिरकं असेल तर आपलं पण त्या कॅसेटपुरतं तेवढंच तिरकं करावं लागतं, म्हणजे मशीन बरोबर असून पण कॅसेट दबकी ऐकू येऊ शकते. फिरवायच्या आधी त्यांनी स्क्रूवर नेलपॉलिशची खूण केली. डोळे मिटून ऐकत होते, पाव फेराच्या पण कितीतरी कमी इकडं, परत तिकडं, आणि एका जागी टाळ एकदम मोकळे वाजले, वेगवेगळे, पुढच्या रांगेचे निराळे आणि मागचे निराळे. आणि त्यात वडलांचा आवाज, अभंगाचे शब्द सुद्धा कळायला लागले. आई शेजारी बसली होती, तिनं नुसतं "हे तेच" म्हटलं. काका काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज थोडा वाढवला फक्त.

ती कॅसेट त्याच सेटिंगवर कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि नंतर स्क्रू परत खुणेवर आणला, त्यांच्या तपासणीच्या कॅसेटवर खात्री करून. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर बाकीच्या सगळ्या कॅसेट बिघडल्या असत्या. घाईत काम करणारा माणूस हे करत नाही.

आता लग्नाची कॅसेट. इथं रिमोट लागला. रिमोटवर ऑडिओ नावाचं बटण असतं, ते दाबलं की हायफाय, लेफ्ट, राईट, नॉर्मल असं बदलत जातं, काही मशीनला मिक्स पण असतं. नॉर्मल म्हणजे कडेची पट्टी. काकांनी नॉर्मलवर ठेवलं, तर सुरुवातीपासून सनई आणि सिनेमाची गाणी, सलग, स्वच्छ. हायफायवर ठेवलं तर घर्रर्र, पण त्या घरघरीच्या मागं माणसं बोलायलेत. मग मॅन्युअल ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेघेवर बरोबर बसवायची सेटिंग) घेतलं आणि एकेक पायरी सरकवत गेले. ती घरघर येते कशी, तर ड्रमवरचे दोन हेड आळीपाळीनं वाचतात, सेकंदाला पन्नास वेळा अदलाबदल, आणि रेघेवर हेड बरोबर बसलं नाही की त्या अदलाबदलीच्या जागी आवाज तुटतो, तोच आपल्याला गुणगुण घरघर म्हणून ऐकू येतो. आवाजाचे हेड आणि चित्राचे हेड वेगळे असल्यामुळं जिथं चित्र सगळ्यात छान तिथंच आवाज छान असेल असं नाही. काकांनी चित्रात खाली थोडे ठिपके आलेले चालवून घेतले आणि आवाजाला जागा धरली.

आणि घरघर गेली, आणि ऐकू काय आलं तर भटजींच्या मंगलाष्टका, त्यांच्या मागं पोरांची दंगल, आत्यानं घेतलेला उखाणा, हळदीच्या वेळी आजी आणि तिच्या शहापूरच्या बहिणी म्हणत होत्या ती गाणी. इतकी वर्षं ह्या कॅसेटमध्ये आम्ही फक्त सनई ऐकली होती! झालं होतं असं की त्यावेळच्या व्हिडिओवाल्यानं एडिटिंग करताना वरनं गाणी भरली ती ऑडिओ डबनं, आणि ऑडिओ डब फक्त कडेच्या पट्टीवर होतो, चित्राखालचा हायफाय आवाज चित्र पुसल्याशिवाय पुसताच येत नाही. म्हणजे खरा आवाज खाली तसाच होता. आमच्या मशीनचे हेड मळलेले असल्यामुळं हायफाय नीट वाचता येत नव्हतं, म्हणून ते सारखं हायफायवरनं नॉर्मलवर उड्या मारायचं, घर्रर्र, सनई, घर्रर्र, सनई. हे कळल्यावर सगळा उलगडा झाला.

हे सगळ्यांच्या लग्नाच्या कॅसेटला होईल असं नाही. बऱ्याच जणांची कॅसेट ही कॉपीची कॉपी असते, त्यात गाणी दोन्हीकडं गेलेली असतात, आणि साध्या मोनो कॅमेऱ्यानं किंवा मशीननं रेकॉर्ड केलं असेल तर हायफाय नसतंच. पण कॅसेटच्या लेबलवर हायफाय किंवा स्टिरिओ असं काही लिहिलेलं असेल तर एकदा हायफाय मशीनवर बटण दाबून बघाच. आपल्याकडं आता म्हातारी माणसं एकेक करून चाललीत, त्यांचे आवाज ह्या सनईच्या खाली दडून बसलेले असतील तर ते काढायला नकोत का.

कॉम्प्युटरवर उतरवण्याबद्दल. ह्याच कॅसेटची आम्ही आधी एका स्टुडिओतनं पेनड्राईव्ह करून घेतली होती (त्यांचंही नाव नको), त्यात आवाज एकाच कानात आणि तासाभरानं ओठ आणि आवाजाचा मेळ नाही, लोक जेवताना आवाज अजून अक्षतांचा. काका म्हणाले जुन्या फितीचा सिग्नल थरथरत असतो, कॉम्प्युटरला चित्राची एखादी फ्रेम पकडता आली नाही की तो ती सोडून देतो, आवाज मात्र सलग येतच असतो, अशा सोडलेल्या फ्रेम साठत जातात आणि चित्र पुढं पळतं. म्हणून ते व्हीसीआर सरळ यूएसबीला लावत नाहीत, मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवतात, त्यातनं सिग्नल सरळ होऊन पुढं जातो. उतरवताना ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. मोनो कॅसेटचा आवाज पांढऱ्या पिननं एकाच बाजूला जातो तो ते दोन्ही कानांत करून देतात. आणि फाईल देताना शेवटची पाच मिनिटं लावून दाखवतात, मेळ आहे का बघा म्हणून. आमच्या दोन्ही फाईलला शेवटपर्यंत मेळ होता.

पैसे. साफसफाई, रोलर आणि सेटिंग मिळून साडेआठशे घेतले, कॅसेट उतरवायला तासाला दीडशे. पेनड्राईव्ह आपला न्यायचा. एवढ्या कामाला मला हे कमीच वाटलं. दुसरं असतं तर नुसतं उघडायचे पाचशे.

अर्धा गुण कापला तो अशासाठी की फोन उचलत नाहीत, उद्या म्हणतात आणि उद्या होत नाही, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. गर्दी असेल तर मशीन पंधरा दिवस पण राहतं तिथं. रोलरची गॅरंटी देत नाहीत, जुन्या मशीनचा आहे असं आधीच स्पष्ट सांगतात, ते बरं आहे. बीटामॅक्स (दुसऱ्या प्रकारच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट) आणि कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट घेत नाहीत, फक्त व्हीएचएस.

आणखी एक, हे आपल्या भागासाठी फार गरजेचं. आपल्याकडचा पाऊस म्हणजे माहिताय, जूनपासनं भिंतीला ओल, माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलेल्या कॅसेटला बुरशी धरणारच. काका प्रत्येक कॅसेटचं झाकण उचलून बॅटरीनं आत बघतात, फितीच्या गुंडाळीवर पांढरे धागे किंवा ठिपके दिसले तर ती मशीनमध्ये घालतच नाहीत. कारण एक बुरशीची कॅसेट लावली की ती हेडला लागते आणि तिथनं पुढच्या सगळ्या कॅसेटना. आमच्या पिशवीतल्या दोन बाजूला काढल्या, त्या हातानं साफ करायला वेगळे पैसे आणि वेगळा वेळ, त्या अजून त्यांच्याकडंच आहेत. तुम्ही पण घरी माळ्यावरची कॅसेट सरळ मशीनमध्ये घालू नका, आधी कॅसेटच्या खिडकीतनं आत बघा. आणि साफ झाल्यावर परत ट्रंकेत नको, उभी ठेवा, पुस्तकं ठेवतो तशी, कोरड्या कपाटात.

जाताना मशीनबरोबर रिमोट, पॉवर कॉर्ड आणि ज्या कॅसेटला त्रास आहे ती आणि एक ज्या कॅसेटला कमी त्रास आहे ती, अशा दोन तरी न्या. रिमोट हरवला असेल तर आधी सांगा, काही मशीनला ऑडिओचं बटण पुढच्या पॅनेलवर नसतंच. गाडी खडेबाजारात न्यायच्या फंदात पडू नका, सीबीटीला म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून चालत या, मशीन जड असेल तर रिक्षा. सकाळी अकराच्या आधी उघडत नाही, रविवारी बंद. मराठी, कन्नड दोन्ही चालतं, आणि समोर बसून बघू का विचारलं तर स्टूल देतात.